मुरगळला की मोडला : घोट्याच्या दुखापतीवरील उपचारांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, परभणी या भागांतली हजारो कुटुंबे कोयते बांधून ऊसतोडीला निघतात. फडात तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढताना पाऊल कडेवर पडते, तळवा आत वळतो आणि माणूस मोळीसकट खाली येतो. घटकाभरात घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज उभी राहते. टोळीतला पहिला प्रश्न एकच असतो : मुरगळला का मोडला? वरवर साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला वैद्यकाला फार मोठा काळ लागला आणि घोट्याच्या उपचारांचा बराचसा इतिहास त्या उत्तराच्याच शोधाचा आहे.

पाऊल आत वळले की बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा चिवट पट्टा, सर्वांत आधी ताणला जातो आणि बहुतेक वेळा दुखापत तिथेच थांबते. जोर अधिक असला तर अस्थिबंध तुटण्याऐवजी हाडाचा तुकडा ओढून काढतो, किंवा घोट्याचे हाडच तिरपे मोडते, किंवा करंगळीच्या रेषेतले पावलाचे लांब हाड बुडाशी तडकते. या सगळ्यांत सूज तीच, काळेनिळेपण तेच आणि कळही जवळपास तशीच असते. केवळ डोळ्यांनी पाहून भेद करणे अनुभवी माणसालाही जमत नाही.

सुश्रुतसंहितेत या दुखण्याची नोंद आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्यात होणाऱ्या वेदनेला तिथे वातकंटक म्हटले आहे आणि तो मोडलेल्या हाडांपासून वेगळा, वातरोगांत सांगितला आहे. मोडलेल्या हाडांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांचा आधार बांधायला सांगितले आहे. बांध फार सैल नको आणि फार घट्टही नको, थंडीत तो सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, इतका बारकावा त्यात आहे. वातकंटकासाठी पुढच्या ग्रंथांतून रक्त काढणे, एरंडेल देणे आणि सुईने डागणे असे उपाय आले. गावाकडे अजूनही कुठे कुठे दिसणाऱ्या ‘डाग देण्या’ची मुळे इतकी जुनी आहेत.

हाडवैदाच्या बांबूच्या कामट्या, आंबेहळदीचा लेप आणि कांडवेलीचा पाला ही याच परंपरेची बोलीतली रूपे. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण जागेवरून न सरकलेले हाड नुसते स्थिर ठेवले तरी बहुधा जुळते आणि हाडवैदाचे यश त्यावरच उभे असते. तक्रार आहे ती घट्टपणाची. सूज चढत असताना करकचून बांधलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा तुटतो आणि बोटे काळी पडतात. जुन्या ग्रंथाने बजावलेला सैल-घट्टाचा विवेक नेमका तिथे हरवतो. मुरगळलेला पाय पहिल्याच दिवशी चोळणे आणि विटेने शेकणे हेही असेच, कारण ताज्या दुखापतीत त्याने सूज वाढते.

युरोपात घोट्याच्या मोडीचे बारकाईने वर्णन लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1768 मध्ये केले. 1756 मध्ये घोड्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता, म्हणून त्यांच्या नावाची मोड ही त्यांची स्वतःचीच, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांचा घोटा मोडलेला नव्हता. स्वतःच्याच मोडीला स्वतःचे नाव मिळण्याचे भाग्य ब्रिटिश शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या वाट्याला आले. नाचताना त्यांच्या पावलाचे करंगळीकडचे हाड मोडले आणि 1902 मध्ये त्यांनी त्या मोडीवर लेख लिहिला. जर्मनीतल्या प्रशिया राज्याचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये लांब कवायतीनंतर सैनिकांची पावले सुजतात, असे नोंदवले होते. ती सूज म्हणजे पावलाच्या हाडांना पडलेले बारीक तडे आहेत, हे क्ष-किरण आल्यावरच कळले. एकही धक्का न लागता, केवळ चालून चालून हाड तडकते, ही गोष्ट तुळजापूरला अनवाणी जाणाऱ्यांनी आणि आषाढीच्या वारकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वारीहून आल्यावर आठ-पंधरा दिवस न ओसरणारी पावलाची सूज थकव्याचीच असेल असे नाही.

डच लष्करी डॉक्टर मॅथायसेन यांनी 1851 मध्ये प्लास्टरची पट्टी तयार केली आणि मोडलेला पाय घेऊन महिनोन् महिने खाटेवर पडून राहण्याची सक्ती संपली. पुढे 1895 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रोएंटगेन यांना क्ष-किरण सापडले. मराठवाड्याला मात्र या दोन्हींचा लाभ सहजी मिळाला नाही. निजामाच्या राज्याचे मोठे रुग्णालय हैदराबादला होते आणि विभागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 1956 मध्ये सुरू झाले. अंबाजोगाईचे 1974 मध्ये, तर नांदेडचे 1988 मध्ये. त्यामुळे एक्स-रेला ‘फोटो’ म्हणणारी आणि ‘फोटो काढला का?’ हा प्रश्न कौतुकाने विचारणारी पिढी अजून आपल्यात आहे.

टाचेच्या हाडाची गोष्ट निराळी आहे. माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट धाब्यावरून, किंवा विहिरीच्या कामावरून उंचावरून खाली पडून माणूस टाचांवर आपटतो, तेव्हा टाच अंड्याच्या कवचासारखी चेपते आणि तोच धक्का वर चढून कधी कधी कमरेचा मणकाही दाबला जातो. म्हणून टाच फुटलेल्याच्या कमरेचाही फोटो काढावा लागतो.

फोटो सोपा झाला तसा तो प्रत्येक मुरगळीला निघू लागला आणि त्यांतले बहुतेक निर्दोष येऊ लागले. कॅनडातल्या ओटावा येथे डॉक्टर इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये यावर नियम मांडले : दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरांत, अथवा पावलाच्या ठरावीक दोन हाडांवर दाबल्यावर दुखत असेल, तरच फोटो काढावा. ‘चार पावलं चालून दाखव’ असे आपली म्हातारी माणसेही म्हणत आली आहेत. फरक एवढाच की ती चालण्यावरच थांबतात. मोडलेल्या घोट्यावरही काही जण चार पावले टाकतात. त्यामुळे बोटाने हाड दाबून पाहण्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा ठरतो.

उपचार मात्र दोन टोकांत हेलकावत राहिले. प्लास्टरने हाड जुळले तरी सांधा आखडतो, हा अनुभव जुना होता. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या शल्यविशारदांच्या एओ गटाने प्लेट आणि स्क्रूने हाड घट्ट बसवून सांधा लवकर हलवण्याचा आग्रह धरला आणि सरकलेल्या मोडीसाठी तीच पद्धत रूढ झाली. मुरगळीच्या बाबतीत विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हा मंत्र 1978 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी लोकप्रिय केला आणि पुढे त्यांनी स्वतःच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांवरचा आपला भर मागे घेतला. आता पहिले दोन-तीन दिवस सांभाळून, पट्टीचा किंवा घोट्याच्या पट्ट्याचा आधार देऊन सोसेल तितके चालवण्याकडे कल आहे. बर्फाने कळ कमी होते, पण अस्थिबंध लवकर भरून येतो असे दिसलेले नाही.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो, याचे उत्तर ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन यांनी 1965 मध्ये सुचवले. अस्थिबंधांत पाऊल कुठे व कसे पडते आहे याची खबर देणाऱ्या नसा असतात आणि अस्थिबंधाबरोबर त्याही दुखावल्यामुळे स्नायू वेळेवर सावरत नाहीत. त्यावरचा व्यायाम बिनखर्चाचा आहे. सूज ओसरल्यावर भिंतीजवळ मुरगळलेल्या एका पायावर उभे राहायचे, आधी डोळे उघडे ठेवून आणि जमू लागल्यावर मिटून, रोज थोडा थोडा वेळ, काही आठवडे. दवाखान्यात चिठ्ठीवर लिहून मिळते ती गोळी आणि क्रेप बँडेज. हा व्यायाम बहुधा तोंडी सांगितला जातो, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला तिसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर चढणाऱ्या माणसाच्या तो कानावरूनच जातो.