तांब्या आणि लिथियमची गोळी

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराला त्याची बायको दंडाला धरून घेऊन आली. "सिस्टर, हात लई थरथर करालेत ह्यांचे. चालताना झोक जालाय. बोललेलं बी कळंना." जुना आजार उलटला असंच घरच्यांनी धरलं होतं, आणि बाहेरचं काही असेल म्हणून एका ठिकाणी अंगारा लावूनही झाला होता. (हा माणूस एकच नाही. उन्हाळ्यात भेटलेल्या तिघाचौघांचा मिळून मी एक केलाय.)

त्याला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी, असा आजार. लिथियमच्या गोळीवर कित्येक वर्षं ठीक होता. डोस तोच, वेळ तीच. मग बिघडलं काय? मनोविकार वॉर्डातली परिचारिका अशा वेळी 'आवाज ऐकू येतात का' याच्या आधी 'जुलाब झाले का, लघवी किती होते, पाणी किती पितात' असं विचारते. नातेवाईक चक्रावतात. डोक्याच्या आजाराला पोटाचे प्रश्न कशाला?

उत्तरं मात्र तिथेच सापडली. दोन दिवस जुलाब. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर घाम. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. आणि बीपी निघालं म्हणून बायकोने आठवडाभर अळणी कालवण केलेलं, तेही मनापासून.

लिथियम हा मिठातल्या सोडियमचा जवळचा भाऊबंद. यकृत त्याचं काही करत नाही, तो जवळजवळ सगळा मूत्रपिंडातून बाहेर जातो. अडचण अशी की मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. घामाने, जुलाबाने किंवा अळणी जेवणाने अंगातलं मीठ आणि पाणी कमी झालं, की मूत्रपिंड सोडियम सोडायचं सोडून परत आत ओढून घेतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाणं आणखी मंदावतात. बीपीच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही तेच होतं. एका लिटर रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलीमोल लिथियम हवं असतं. 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. औषध आणि विष यांत इतकं कमी अंतर असलेली गोळी घराघरात शेंगाचटणीच्या बरणीशेजारी ठेवलेली असते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

1949 साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावर लिथियम चालतं हे दाखवलं. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं. मीठ बंद केलेल्या हृदयरोग्यांनी ते जेवणावर भुरभुरलं, काहींचा जीव गेला आणि ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. आमच्या कामगाराच्या घरी जे घडलं, त्याचीच ती मोठी आवृत्ती.

लिथियमवर असलेल्या पुष्कळांच्या बोटांना बारीक कंप असतोच. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण चहाचा कप बशीवर वाजू लागला, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, उलटी-जुलाब असले, तर पुढची गोळी न देता थेट दवाखाना. रक्त तपासायचं ते शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी, म्हणून रात्रीची गोळी किती वाजता घेतली हे सिस्टर खोदून विचारते. विषबाधेचा संशय असेल तर मात्र घड्याळाकडे न बघता लगेच.

उन्हाचा त्रास एवढ्यावर थांबत नाही. स्किझोफ्रेनियावरची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजारावरची, औषधं मेंदूतल्या शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्रात ढवळाढवळ करतात. यातलं पहिलं औषध क्लोरप्रोमझिन. 1952 मध्ये पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांना देऊ लागले, पण त्याआधी आंरी लाबोरी हा शल्यविशारद ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांचं अंग गार ठेवण्यासाठी वापरत होता. तापमानाशी खेळणं हा त्या औषधाचा मूळ गुणच. त्याच्या जोडीला हातपाय आखडू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी घाम कमी करते. घाम हा आपला कूलर, तोच बंद. शिवाय काही रुग्ण भर उन्हात स्वेटरवर स्वेटर घालतात, तहान लागली तरी सांगत नाहीत. 2021 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेच्या लाटेने 600 हून अधिक माणसं गेली. नंतर मृतांच्या जुन्या आजारांचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वाधिक धोक्याचा आजार निघाला तो स्किझोफ्रेनिया.

म्हणून दुपारच्या राउंडला आम्ही कपाळाला हात लावतो, बगलेत थर्मामीटर ठेवतो, हात कोपरात वाकवून बघतो. ताप आणि लाकडासारखं ताठ अंग एकत्र दिसलं तर ते साधं ऊन लागणं नसू शकतं. औषधाची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते, तेव्हा डॉक्टरांना तिथल्या तिथे हाक.

उदासीत बुडालेल्याला 'पाणी प्या' सांगून तो पीत नाही. तांब्या हातात द्यावा लागतो, शेजारी बसावं लागतं. उन्मादातल्याला बसायलाच सवड नसते, त्याला चालता चालता पेला पुढे करायचा. आणि एखादा भलताच उलटा निघतो: नळाला तोंड लावून पीतच राहतो. त्याचं सोडियम इतकं पातळ होतं की फिट येऊ शकते. त्याला सकाळ-संध्याकाळ काट्यावर उभं करायचं. दिवसभरात वजन भसकन वाढलं, तर ते पाणीच.

आमचा कामगार सलाइन आणि तपासण्यांवर चार-पाच दिवसांत सरळ चालू लागला. जाताना बायकोने विचारलं, "मग अक्का, आता मीठ वाढवू का?" तेही नको, कारण मीठ एकदम वाढवलं तर लिथियम लघवीवाटे भराभर निघून जातं आणि आजार डोकं वर काढतो. बीपीसाठी मीठ कमी करायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, रक्त तपासत, हळूहळू. तोवर रोज जेवढं घालत होतात तेवढंच. "आणि शेंगाचटणी?" "रोजच्याएवढीच," मी म्हटलं. त्याने पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.