ग्लायकेशन (शर्कराबंधन)

ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या शर्करा एंझाइमाच्या मदतीशिवाय प्रथिनांना चिकटण्याची क्रिया. एंझाइमे ठरलेल्या जागी शर्करा जोडतात ते ग्लायकोसिलेशन निराळे. जुन्या वैद्यकीय लेखनात मात्र दोहोंना एकच नाव दिलेले आढळते.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्याला तांबूस, खमंग कवच येते ते मुख्यतः याच विक्रियेमुळे (करपून काळा पडलेला भाग सोडून). तिचे श्रेय सामान्यतः फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामिय मायार यांना (१९१२) देतात. माल्ट भाजताना येणाऱ्या रंगाबाबत इंग्लंडच्या आर्थर लिंग यांनी १९०८ मध्येच असे निरीक्षण मांडले होते, म्हणून काहीजण अग्रमान त्यांना देतात. शर्करा व ॲमिनो आम्ले यांच्या विक्रियेचा पद्धतशीर अभ्यास मायार यांचा असल्याने ‘मायार विक्रिया’ हे रूढ नाव अधिक सयुक्तिक वाटते.

निखाऱ्यावर मिनिटांत घडणारे हे काम शरीरात संथपणे चालते. शर्करेचा अल्डिहाइड गट प्रथिनाच्या ॲमिनो गटाला जोडून शिफ बेस बनतो. तो सुटू शकतो. त्याची फेरमांडणी होऊन अमाडोरी संयुग तयार झाले, की ते सहसा मागे फिरत नाही. पुढे त्यापासून प्रगत उत्पादिते (ग्लायकेशनची अंतिम संयुगे) होतात व शेजारच्या प्रथिनांना एकमेकांत गुंतवतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील कोलॅजेन, नेत्रभिंगातील क्रिस्टॅलिन ही दीर्घायुषी प्रथिने या गुंत्यात अधिक अडकतात : रक्तवाहिन्या ताठरतात, भिंग गढुळते. मधुमेहात हे लवकर होते. अन्नातून येणाऱ्या उत्पादितांच्या परिणामांबाबत मतभेद आहेत.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी हीमोग्लोबिनाचे ग्लायकेशन मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यावर हा हिशेब बेतलेला आहे, ६.५ टक्के वा अधिक आकडा मधुमेहाचा निदर्शक मानतात. गडचिरोली, चंद्रपूर भागांत, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा हीमोग्लोबिनाचा आनुवंशिक विकार आढळतो. तेथे हा हिशेब चुकू शकतो. ‘एसएस’ (आईवडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक आलेल्या) रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही; शिवाय ज्या हीमोग्लोबिन-ए या प्रौढांतील सामान्य प्रकारावर चाचणी आधारलेली, ते त्यांच्यात नसतेच. त्यामुळे चाचणीच्या कागदावर ५.२ टक्के आणि बोटातून काढलेल्या थेंबात साखर वारंवार २०० मिग्रॅ./डेसिलिटरच्या वर, असा विसंवाद संभवतो. ‘एएस’ (एकाच पालकाकडून ते जनुक आलेल्या) वाहकांत आकडा बहुधा ग्राह्य, पण यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून. उलट, लोहाच्या कमतरतेने तो फुगू शकतो. ग्रामीण स्त्रियांच्या बाबतीत हे विसरून चालत नाही. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहतात, किंवा मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन चाचणी करतात.