नक्षी शिकवायला आलेले मास्तर: मुंबईच्या कलाशाळेची पार्श्वभूमी

डिझाइन शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी एक सल्ला हमखास मिळतो: लेणी बघा, जुनी भांडी बघा, पैठणीचा पदर बघा, त्यातून काहीतरी सुचेल. सल्ला चांगलाच आहे, पण वाटतो तितका जुना नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या तांबटाला किंवा येवल्याच्या विणकराला काही सुचावे म्हणून कुठे हिंडावे लागत नव्हते. बापाच्या हाताकडे बघत त्याचा हात तयार व्हायचा. कारागिराचे काम समोर ठेवून दुसऱ्याच कोणीतरी त्यातून ‘प्रेरणा’ घ्यायची, ही रीत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आली. ती रुजली मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि तीही उलट्या दिशेने.

सुरुवात लंडनची. १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचेच्या अवाढव्य मंडपात जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरले आणि साठ लाखांवर लोक ते बघून गेले. इंग्रजांना आपल्या यंत्रांचा तोरा मिरवायचा होता. पण त्यांच्यातल्याच जाणकारांना खटकली ती यंत्रावर निघालेली नक्षी. गालिच्यावर गुलाब असे विणलेले, की पाय ठेवला तर चुरगळतील. भिंतीच्या कागदावर खिडक्या आणि देखावे. शेजारी हिंदुस्थानच्या दालनात किनखाब, शाली, मुलाम्याची भांडी मांडलेली होती. तिथल्या कापडावरचे फूल कापडासारखे सपाट होते, रंग एकमेकांवर कुरघोडी करत नव्हते आणि नक्षी वस्तूच्या आकाराला धरून होती. ओवेन जोन्स नावाच्या वास्तुरचनाकाराला हे इतके पटले, की १८५६ साली त्याने देशोदेशींच्या अलंकरणाचे शंभर रंगीत चित्रपट्टांचे जे जाडजूड पुस्तक काढले, त्यात हिंदुस्थानी नक्षीला मानाचे पान दिले. ‘सजावट वस्तूसाठी असावी, वस्तू सजावटीसाठी नव्हे’ हा धडा पुढे इंग्लंडच्या कलाशाळांत घोकून घेतला गेला. मूळ धडा देणारे विणकर अर्थात तिथे नव्हते.

या कौतुकाला दुसरी बाजूही होती. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून अठरा खंडांत चिकटवले. असे वीस संच केले. त्यातले तेरा ब्रिटनमध्ये वाटले आणि सात हिंदुस्थानात पाठवले. मँचेस्टरसारख्या गावांतल्या गिरणीवाल्यांना इथल्या गिऱ्हाइकाची आवडनिवड कळावी आणि तसा माल काढता यावा, हा हेतू लपवलेला नव्हता. लुगड्याच्या काठाची नक्कल यंत्रावर करून तीच इथे विकायची! आज ‘पारंपरिक नक्षीवरून प्रेरित’ अशी चिठ्ठी लावलेले छापील कापड बघताना मला हे खंड हटकून आठवतात.

मुंबईत यादरम्यान सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली कला आणि उद्योगांच्या शिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. १८५७च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. जमशेटजींच्या डोळ्यांसमोर इथल्या कारागिराचे भले होते. वर्गात मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेचा अभ्यासक्रम आला: ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे, सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग छायाप्रकाश. ज्या देशाची नक्षी बघून लंडन थक्क झाले, त्याच देशातल्या मुलांना नक्षी शिकवायला लंडनहून मास्तर येऊ लागले. हा विनोद तेव्हा कोणाच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

१८६५ साली तीन मास्तर आले आणि शाळेचा नूर पालटला. रंगकामाला जॉन ग्रिफिथ्स, मूर्तिकाम व दगडी सजावटीला जॉन लॉकवुड किपलिंग आणि लोखंडी जाळीकामाला हिगिन्स. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, किल्ल्याचा तट पाडला जात होता आणि मोकळ्या जागेवर सरकारला भपकेदार इमारती हव्या होत्या. इतके कोरीव काम विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. म्हणून शाळेलाच कारखान्याचे रूप आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावचित्रे आणि आतले कारंजे किपलिंगचे. आजच्या महात्मा फुले मंडईत भाजी घेणाऱ्यांपैकी फारच थोडे मान वर करून ती बघतात. राजाबाई टॉवरवरच्या पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या मूर्तींचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सरकारी बांधकाम खात्यातल्या अभियंत्याने घडवले.

सगळ्यात मोठे काम व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे ते चालले. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, पण खांबांच्या माथ्यावरची पानेफुले, माकडे, मोर, खारी, जाळ्या आणि रेलिंग यांचा मोठा हिस्सा ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली शाळेतल्या मुलांनी केला. इमारतीचा सांगाडा युरोपी गॉथिक वळणाचा, पण पाने इथल्या झाडांची आणि प्राणी इथल्या रानातले. माझ्या मते या शाळेने पहिली खरी उडी इथे मारली. समोरचा साचा बाजूला ठेवून मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले दगडात उतरवले. ‘प्रगती’चा कळसावरचा पुतळा मात्र थॉमस अर्प या विलायती शिल्पकाराचा. मोक्याची जागा कोणाला द्यायची, हे ठरलेलेच असावे.

मास्तरही बदलत होते. सरकारने किपलिंगला उत्तरेत फिरून कारागिरांची चित्रे काढायचे काम दिले. विणकर, लाकूडकाम करणारे, कुंभार, सगळे आपापल्या अवजारांसह त्याने बारकाईने टिपले. वस्तूऐवजी वस्तू करणारा माणूस चित्रात येणे, हेच त्या काळात नवे होते. १८७५ साली तो लाहोरच्या कलाशाळेत गेला. तिथे घडलेला भाई राम सिंग हा सुतारकाम करणाऱ्या घराण्यातला मुलगा पुढे इंग्लंडला गेला आणि व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाउसमधल्या दरबारी दालनाची सजावट त्याने केली.

ग्रिफिथ्सला मात्र अजिंठ्याने झपाटले. १८७२ पासून तो शाळेतली मुले घेऊन लेण्यांत जाऊ लागला आणि मधला खंड धरून १८८५ पर्यंत भित्तिचित्रांच्या नकला होत राहिल्या. पेस्तनजी बोमनजी या विद्यार्थ्याचा त्यात मोठा वाटा होता. अर्धवट अंधारात, पडझड झालेल्या गुंफेत, छताकडे मान करून काढलेली ती चित्रे. आश्चर्य म्हणजे या मुलांनी नुसत्या बोधिसत्त्वाच्या मुद्रा उतरवल्या नाहीत. छतावरचे कमळ, हंस, बैलांची झुंज, फळांच्या वेली यांच्या चौकटीच्या चौकटी उतरवून घेतल्या. शाळेला उपयोगी पडली ती ही वेलबुट्टी. चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश फासले गेले, त्याचे पिवळे पापुद्रे पुढच्या पिढ्यांना निस्तरावे लागले.

नकलांचे नशीबही फुटके. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सच्या मुलांनी केलेल्या नकला लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवल्या, तिथे १८८५ साली आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच गेल्या. उरलेल्यांवरून त्याने १८९६-९७ साली दोन मोठे खंड छापले.

अजिंठ्याची नक्षी भांड्यांवरही चढली. शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी सिंधमधून कुंभार आणवले होते. तिकडच्या झिलईची परंपरा आणि लेण्यांतल्या आकृत्या यांच्या मेळातून मुंबईत एक नवाच मातीकामाचा प्रकार जन्मला. सुरया आणि बरण्यांवर अजिंठ्याच्या वेली आणि माणसे आली. टेरींनी त्याचा धंदाही उभा केला, माल इंग्लंडपर्यंत गेला. ही भांडी मला टर्मिनसच्या मोरांइतकी आवडत नाहीत. भिंतीसाठी काढलेले चित्र गोल पोटाच्या बरणीवर आणले की ते अवघडून बसते, आणि १८५१चा तो सपाट फुलाचा धडा इथे कोणीतरी विसरलेले दिसते. पण सिंधी कुंभार, मुंबईचे विद्यार्थी, औरंगाबादजवळची लेणी आणि विलायती गिऱ्हाईक एका बरणीत एकत्र आले, हे काही थोडके नाही.

इंग्रज रसिकांच्या मनात कारागिरीबद्दल किती आदर होता, याचा अंदाज जॉर्ज बर्डवूडवरून येतो. हा माणूस १८३२ साली बेळगावात जन्मला. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत तो आघाडीवर होता आणि १८८० साली हिंदुस्थानी हस्तकलांवर त्याने लिहिलेला ग्रंथ प्रमाण मानला गेला. खेड्यातल्या कुंभाराची आणि विणकराची त्याने तोंड भरून स्तुती केली. मात्र १९१० साली लंडनच्या एका सभेत त्यानेच बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली. हिंदुस्थानात कारागिरी आहे, ललित कला नाही, असे त्याचे म्हणणे. त्यावर वादळ उठले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हिंदुस्थानी कलेची बाजू मांडणारी इंडिया सोसायटी स्थापन झाली.

शाळेत १८९१ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा सुरू झाल्या. गालिचे, चांदीकाम, मीनाकाम, लाकूडकाम. प्लास्टरच्या साच्यावरून सुरू झालेल्या शाळेत कारागीर शिकवणाऱ्याच्या जागी बसायला चौतीस वर्षे लागली. चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर शाळेत विद्यार्थी म्हणून आले ते याच सुमारास. १९३० साली शाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली, तोवर शाळेचे प्रमुख विलायतेहूनच येत होते. १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि जाहिरातींच्या मागणीने वेलबुट्टीला पोस्टरच्या कोपऱ्यात ढकलले.

शाळेची भांडी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, म्हणजे बर्डवूडच्या भायखळ्याच्या त्याच संग्रहालयात, बघायला मिळतात. बुधवारी ते बंद असते. टर्मिनसचे मोर आणि माकडे बघायची असतील तर दुर्बीण न्या, बरेचसे काम डोळ्यांच्या टप्प्यापेक्षा वर आहे.