इंडस ॲपस्टोअर : दुसऱ्यांच्या हँडसेटवर वाढलेली कंपनी

इंडस ॲपस्टोअर, म्हणजे मोबाइलवर ॲप उतरवून घ्यायची जागा, आज फोनपेचं म्हणून ओळखलं जातं. नव्या मोबाइलमध्ये ते कंपनीकडूनच घालून मिळावं, यासाठी नोकिया, लावा, शाओमी यांच्याशी करार झाले. हा मार्ग मात्र फोनपेचा नाही. त्यामागे मुंबईतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची जवळपास दहा वर्षांची धडपड आहे.

राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारंबंडी हे तिघे आयआयटी मुंबईचे. त्यांनी अँड्रॉइडवर आधारित, भारतीय भाषांसाठीची प्रणाली (फोन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बनवली. आधी तिचं नाव 'फर्स्टटच' होतं, २०१५ च्या अखेरीस ते 'इंडस ओएस' झालं. त्याच वर्षी ती मायक्रोमॅक्सच्या 'युनाइट ३' मध्ये आली आणि पुढे इंटेक्स, कार्बन, सेलकॉन यांनीही ती घेतली.

या कंपन्यांना इंडसची गरज का होती, हे समजून घेतलं पाहिजे. चीनमध्ये तयार झालेले, एकाच धाटणीचे फोन सगळ्याच विकत होत्या. किंमत आणि कॅमेरा सोडला तर दाखवण्यासारखं वेगळं काही नव्हतं. इंडसने ते दिलं. इंग्रजीत आलेल्या मेसेजवर बोट एका बाजूला सरकवलं की भाषांतर, दुसऱ्या बाजूला सरकवलं की लिपी बदलून तोच मजकूर.

त्याहून मोठी सोय होती 'ॲप बझार', म्हणजे इंडसचं स्वतःचं ॲप स्टोअर. तालुक्याच्या मोबाइल दुकानात पहिला स्मार्टफोन घेणाऱ्याचं जीमेल खातं दुकानदारच उघडून द्यायचा. पासवर्ड गिऱ्हाइकाला माहीत नसायचा, म्हणजे फोन रीसेट झाला की प्ले स्टोअर बंद. ॲप बझारला ईमेल लागतच नव्हता. हे साधं वाटतं, पण ज्यांच्यासाठी स्मार्टफोन म्हणजे परक्या भाषेतलं यंत्र होतं, त्यांचा इतका नेमका विचार त्या काळात फार थोड्यांनी केला होता.

२०१६ मध्ये ओमिड्यार नेटवर्क या गुंतवणूक संस्थेने गुंतवणूक केली. काउंटरपॉइंट या बाजार संशोधन संस्थेच्या आकडेवारीत भारतातल्या स्मार्टफोन प्रणालींमध्ये इंडस ॲपलच्या आयओएसला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर आली. जाहिरातीवर अमाप पैसा न ओतता मिळालेलं हे यश पूर्णपणे भागीदारीचं होतं.

पण ज्या हँडसेटवर ती उभी होती, त्यांचीच विक्री कोसळली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ग्राहक ४जी फोन मागू लागला. नोव्हेंबरात नोटबंदी झाली, त्यात रोखीने विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनना मोठा फटका बसला. २०१७ च्या अखेरीस शाओमीने सॅमसंगलाही मागे टाकलं. शाओमीकडे अँड्रॉइडवर आधारलेली स्वतःची एमआययूआय ही प्रणाली होती. तिला तेव्हा इंडसची गरज नव्हती. माझ्या मते सॉफ्टवेअर कमी पडलं नाही. भागीदार बुडू लागले तेव्हा हाताशी दुसरा मोठा भागीदार नव्हता.

तो मिळाला २०१९ मध्ये, आणि मिळाला तो थेट सॅमसंग. कंपनीने पूर्ण प्रणालीचा आग्रह सोडून ॲप स्टोअरवर भर दिला होता. सॅमसंगच्या गॅलेक्सी स्टोअरला इंडसने बारा भारतीय भाषा दिल्या आणि सॅमसंगच्या गुंतवणूक शाखेने पैसाही घातला. हा निर्णय मला या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. प्रणाली बदलायला कोणतीही मोठी कंपनी सहजी तयार होत नाही. स्टोअरला जागा देणं तिला परवडतं.

पुढे फोनपेने कंपनी घ्यायचं ठरवलं. जुन्या गुंतवणूकदारांशी वाद झाला आणि २०२२ मध्ये तो मिटून व्यवहार पूर्ण झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवं तर गुगलची बाकी ॲपही घ्या, या अटीवर आयोगाचा मुख्य आक्षेप होता. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती नाकारली, तेव्हा गुगलला हँडसेट कंपन्यांसाठी अटी सैल कराव्या लागल्या.

२१ फेब्रुवारी २०२४ ला इंडस ॲपस्टोअर इंग्रजी आणि बारा भारतीय भाषांत सुरू झालं. वेबसाइटवरून ते उतरवून घेता येतं, पण तसं करताना अँड्रॉइड 'अनोळखी स्रोत' असा इशारा दाखवतं, आणि नवखा माणूस तिथूनच मागे फिरतो. फोन खोक्यातून बाहेर काढतानाच स्टोअर आत असेल तर हा इशारा येत नाही. म्हणून फोनपेएवढी मोठी मालक मिळूनही इंडसला पुन्हा हँडसेट कंपन्यांचं दार ठोठावावं लागलं. २०१७ मध्ये जिला इंडसची गरज नव्हती, ती शाओमी आता इंडसच्या भागीदारांत आहे.