अंगणातले पक्षी आणि मुले (नागपूर)

अंगणात, गच्चीवर किंवा बाल्कनीत पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवून त्यांचे वागणे न्याहाळण्याची गोडी मुलांना लावणे, असा हा घरगुती उपक्रम. नागपुरात त्याचा खरा हंगाम उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस तापतात. विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुले घरात कोंडलेली आणि पक्षी तहानलेले, असा योग दुसऱ्या कुठल्या ऋतूत जुळत नाही.

सुरुवात दाण्यांऐवजी पाण्याने करावी. दाणे टिपायला चिमण्या, होले आणि कबुतरे येतात. पाण्याला मात्र बुलबुल, साळुंकी, दयाळ, सातभाईंचा कलकलता थवा असे सगळेच येतात. मातीचे पसरट परळ उत्तम, कारण प्लास्टिक आणि पत्रा उन्हात तापतो. पाणी तीन-चार सेंटिमीटरच असावे, मध्ये बसायला एखादा दगड, वर सावली, आणि मांजराला दबा धरता येईल असे झुडूप लगत नको. रोज सकाळी परळ घासून पाणी बदलण्याचे काम मुलाकडेच द्यावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, हे कूलरची टाकी दर आठवड्याला रिकामी करणाऱ्या नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. पुष्कळ घरी तर पाणवठा आधीच असतो: कूलरखाली ठिबकणाऱ्या पाण्यावर चिमण्या दुपारी हमखास दिसतात.

पाणी पिण्याच्या तऱ्हा हा मुलांसाठी पहिला उत्तम धडा. चिमणी, बुलबुल किंवा साळुंकी चोचीत घोट घेते आणि तो घशाखाली उतरावा म्हणून मान वर करते. होला आणि कबुतर चोच पाण्यात बुडवून, मान न उचलता सलग पाणी ओढतात. एकदा हे लक्षात आले की मूल आपणहून प्रत्येक नवा पक्षी तपासू लागते. नावे नंतर आली तरी चालतात. तक्ते पाठ करून घेण्याची मोठ्यांची घाई बहुधा उत्साहच मारते. पुढची पायरी कोकिळेची. उन्हाळाभर ‘कुहू’ करणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. काळा तो नर आणि ठिपक्यांची ती मादी, हे मुलाने स्वतः हेरले तर घरातल्या मोठ्यांनाही ऐकवते.

दाण्यांत बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी पुरे. शेव, चिवडा, खारे दाणे, ब्रेड देऊ नये. दाणे मूठभरच टाकावेत. ढीग ओतला की कबुतरे ठाण मांडतात, इतर पक्षी दूर राहतात आणि कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीने माणसाच्या फुप्फुसांनाही त्रास होऊ शकतो. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेल्या धानाच्या पट्ट्यात दारावर लोंब्यांची झालर टांगतात. चिमण्यांना खाऊ घालण्याची ही रीत शहरी बाल्कनीतही शोभते. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते, म्हणून बागेत औषध फवारून वर दाणे ठेवण्यात अर्थ नाही. जास्वंद आणि शेवग्याच्या फुलांवर मध पिणारा चिमुकला शिंजीर येतो, कढीपत्त्याच्या पिकल्या फळांवर बुलबुल.

हिवाळ्यात शेपूट थरथरवणारा थिरथिरा पाहुणा म्हणून येतो. त्याच सुमारास ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो: ५ तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांची जन्मतारीख, १२ तारीख पक्षितज्ज्ञ सालीम अलींची. सालीम अलींचा या विषयातला प्रवेशही लहानपणीच झाला. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली चिमणी वेगळी दिसली, गळ्यावर पिवळा डाग होता. ती ओळखायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. आता बंदुकीची जागा वहीने घ्यावी: तारीख, वेळ, चित्र, एवढ्यावर भागते.

पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले जमिनीवर सापडतात आणि मुले ती उचलून आणतात. अंगावर पिसे आली असतील तर ते बहुधा उडायला शिकणारे पिल्लू असते, आईबाप जवळच असतात. फांदीवर ठेवून दूर व्हावे. जखमी पक्ष्याला दूध-भात भरवू नये. खोक्यात, अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्यावे. पोपटाचे पिल्लू घरी पाळणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.