६४१ चा भाग: फेर्माच्या फसलेल्या अंदाजामागची पार्श्वभूमी

संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात आणि वर १. विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ५९ येते, तेव्हा ३ चाही भाग नाही. वरवर पाहता मूळ संख्याच वाटावी. फेर्मालाही तसंच वाटलं.

फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात नोकरी करणारा हा माणूस गणित फावल्या वेळात करायचा. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ येतात. पाचही मूळ. १६४० साली फ्रेनिकल या गणितीला लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगून टाकलं की घात असेच दुप्पट करत गेलं (पुढचा ३२, म्हणजे वरची संख्या) तर पुढच्याही सगळ्या मूळच असणार. सिद्धता नाही हे त्यानं कबूल केलं, पण पुष्कळ विभाजक आपण खात्रीनं बाद केलेत, असंही वर जोडलं.

त्या बाद यादीतून ६४१ निसटला!

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितीनं पत्रातून ऑयलर या तरुण गणितीला या दाव्याबद्दल विचारलं. १७३२ मध्ये, पंचविशीतल्या ऑयलरनं सेंट पीटर्सबर्गला उत्तर मांडलं: ती वरची संख्या म्हणजे ६४१ × ६७,००,४१७. वहीत करून बघा. ६४१ गुणिले ६७ लाख म्हणजे ४२९ कोटी ४७ लाख. उरले २,६७,२९७, आणि ६४१ × ४१७ बरोबर तेवढेच.

६४१ च का, ते त्यानं पुढच्या एका निबंधात उलगडलं. या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ नं भागलं की बाकी १ उरलीच पाहिजे. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. गंमत अशी की याच जातीची चाळणी लावून फेर्मानं त्याच १६४० साली २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. हत्यार घरातच होतं. मला वाटतं, तो कुठेतरी साध्या भागाकारात चुकला.

(बुद्धिबळाच्या पटावर दुप्पट-दुप्पट ठेवलेल्या दाण्यांच्या एकूण संख्येलाही ६४१ चा भाग जातो. ती संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १, आणि आपली संख्या तिचाच एक अवयव.)

अंदाज फसला तरी संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउसनं १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासनं काढता येतो हे दाखवलं, ते या १७ च्याच जोरावर.

त्या पाचांपलीकडे आजवर एकही मूळ फेर्मा संख्या (या जातीच्या संख्यांचं हेच नाव) सापडलेली नाही. क्रम शून्यापासून मोजला तर ५ ते ३२ या सगळ्या संयुक्त निघाल्या. त्यांतल्या २० व्या आणि २४ व्या क्रमांकाच्या संख्या तर अशा की त्या फुटतात हे सिद्ध झालंय, पण विभाजक एकही हाती लागलेला नाही.