घरगुती सल्लाव्यवसाय (बेळगाव सीमाभाग)

घरगुती सल्लाव्यवसाय : नोकरी, अध्यापन किंवा शेती सांभाळून, अथवा निवृत्तीनंतर, राहत्या घराचाच एखादा भाग कचेरीसारखा वापरून आपल्या विषयातील सल्ला मोबदला घेऊन देण्याचा व्यवसाय. प्रस्तुत नोंद मुख्यतः कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यापुरती (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) आणि त्यातही बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या भागांतील मराठी भाषकांच्या व्यवहारापुरती आहे.

‘सल्ला’ हा शब्द अरबी मुळाचा असून तो फार्सीच्या द्वारे मराठीत आला, हे सामान्यतः मान्य आहे. अडचण आहे ती अर्थाची. जुन्या पत्रव्यवहारात ‘सला’ किंवा ‘सल्ला’ हा शब्द मत, विचार या अर्थाबरोबरच तह, समेट या अर्थानेही येतो. त्यामुळे त्याचा संबंध ‘सुल्ह’ (तह) या शब्दाशी जोडावा की ‘सलाह’ (हित, योग्य मत) या शब्दाशी, असा प्रश्न उद्भवतो. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून झालेले असल्याने हा वाद वाटतो तितका खोल नाही. तरी आजचा अर्थ पाहता दुसरी व्युत्पत्ती अधिक सरळ दिसते. ‘मसलत’ हा शब्दही त्याच धातूचा, म्हणजे ‘सल्लामसलत’ या जोडशब्दाची दोन्ही पदे सख्खी भावंडे ठरतात. कन्नडमधील ‘सलहे’ आणि ‘सलहेगार’ हे शब्दही याच कुळातील आहेत. त्यामुळे या भागात मराठी सल्लागाराला आपला व्यवसाय कन्नड अर्जात लिहिताना नवा शब्द शोधावा लागत नाही. बोलण्यात मात्र दोन्ही भाषांचे लोक ‘कन्सल्टन्सी’ असेच म्हणतात.

नोकरी सांभाळून केलेल्या जोडधंद्याचे बेळगाव शहरातील सर्वांत परिचित जुने उदाहरण किर्लोस्कर बंधूंचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीस असताना तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. या उद्योगाचा आरंभ १८८८ चा मानतात. तथापि, तो मालाचा व्यापार होता, सल्ल्याचा नव्हे. ग्राहकाला सायकल शिकवण्याचे पैसे वेगळे घेतले जात, एवढ्यावरून त्याला सल्लाव्यवसायाचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल. आजच्या अर्थाचा घरगुती सल्ला बेळगावात रुजला तो ओतकाम व यंत्रभागांच्या कारखान्यांमुळे, आणि अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांतील अध्यापकवर्गामुळे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ मध्ये येथे आल्यावर या वर्गात भरच पडली.

व्यवहाराचे स्वरूप बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक परिसरातील फौंड्रीच्या (ओतशाळेच्या) कामावरून चांगले कळते. कारखान्याचा माणूस संध्याकाळी पाळी सुटल्यावर नाकारले गेलेले कास्टिंग (ओतीव भाग) गोणपाटात गुंडाळून सल्लागाराच्या घरी आणतो. ते सोप्यात वर्तमानपत्रावर ठेवले जाते आणि तुटक्या भागावर बॅटरीचा उजेड टाकून पोकळी पाहिली जाते. पोकळीची आतली भिंत गुळगुळीत व चकचकीत असेल तर दोष वायूचा, म्हणजे वाळूतील ओल, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) किंवा हवा निघून जाण्याची वाट तपासायची. ती खरबरीत, दातेरी असेल तर दोष आकुंचनाचा, म्हणजे रायझरची (आकुंचन भरून काढणाऱ्या जादा धातूच्या साठ्याची) जागा व माप बदलायचे. पाहणी पाच-दहा मिनिटांत होते. पैसे त्या मिनिटांचे नसून तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेल्या असल्या पोकळ्यांचे असतात, आणि नवख्या सल्लागाराला आपला दर सांगताना नेमके हेच अवघड जाते. सल्ला तोंडी देऊन न थांबता तो त्याच रात्री एका पानावर लिहून पाठवण्याची पद्धत चांगली. पुढे वाद झाल्यास तोच कागद उपयोगी पडतो.

‘अंशकालिक’, म्हणजे नोकरी सांभाळून केलेला, व्यवसाय किती वेळाचा, हे कायदा क्वचितच सांगतो. गुंतवणूक सल्लागारांच्या बाबतीत सेबीने (भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने) डिसेंबर २०२४ मधील दुरुस्तीने अंशकालिक सल्लागार हा वेगळा वर्ग निर्माण केला आणि त्याच्या अशिलांची संख्या ७५ पर्यंत मर्यादित केली. अन्य क्षेत्रांत बंधन येते ते मूळ नोकरीच्या बाजूने. राज्य सरकारच्या सेवकाला वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून खासगी व्यवसाय करता येत नाही. खासगी कारखान्यात नियुक्तिपत्रातील अट पाहावी लागते. आणि पूर्णवेळ पगारी नोकरीत असणाऱ्यास वकिली करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी सर्वसाधारणपणे मज्जाव आहे.

घरात सल्ला देणे हा घराचा वापर की धंद्याचा, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर विजेच्या दरपत्रकात सापडते, ही गोष्ट थोडी गमतीची आहे. कर्नाटक वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकांत, ज्या घराचा काही भाग तेथे राहणाराच विशिष्ट कामांसाठी वापरतो त्या घराला घरगुती दर लावण्याची तरतूद आहे. या कामांच्या यादीत हातमाग, शिवणकाम व सोनारकाम यांच्याबरोबर अभियांत्रिकी, वास्तुरचना, वैद्यक, ज्योतिष, कायदा, प्राप्तिकर व सनदी लेखापाल यांच्या सल्ल्याचा उल्लेख येतो. यातील कळीचा शब्द ‘राहणाराच’ हा आहे. घराचा पुढचा भाग दुसऱ्या सल्लागाराला भाड्याने दिल्यास सवलतीचा आधार जातो. बेळगावात वीजपुरवठा हेस्कॉम या हुबळीच्या वीज कंपनीकडे आहे.

दुकाने व वाणिज्यिक आस्थापनांच्या १९६१ च्या राज्य कायद्याखाली अशा घराची नोंदणी लागते काय, हा अधिक गुंतागुंतीचा मुद्दा आहे. एका डॉक्टरच्या खासगी दवाखान्याविषयी १९६८ मध्ये आणि वकिलाच्या कचेरीविषयी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वाणिज्यिक आस्थापना नाहीत, असा निर्णय दिला. स्वतःच्या बुद्धी व कौशल्यावर चालणारे काम हे व्यापारापासून वेगळे, हे त्यामागील सूत्र. परंतु पहिला निवाडा मुंबईच्या १९४८ च्या आणि दुसरा केरळच्या कायद्याखालील असल्याने ते सूत्र कर्नाटकाच्या कायद्याला शब्दशः लावता येईल असे नाही. नोकर न ठेवता एकट्याने काम करणाऱ्यास हे सूत्र लागू पडावे आणि पगारी माणसे नेमताच त्याचा आधार कमकुवत व्हावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्षात अनेक जण चालू खाते उघडताना बँकेला पुरावा हवा म्हणून या कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र काढतात. त्यासाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली विनाशुल्क ‘उद्यम’ नोंदणीही (केंद्र सरकारची सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी) चालते. व्यवसाय करही या संदर्भात पाहावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे.

प्राप्तिकरात १९६१ च्या अधिनियमातील कलम ४४एडीए महत्त्वाचे ठरले (१ एप्रिल २०२६ पासून त्या अधिनियमाची जागा २०२५ चा अधिनियम घेतो). ठरावीक पेशांच्या ढोबळ जमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून दाखवल्यास हिशेबवह्या ठेवण्यापासून त्यात सूट मिळते. जमेची मर्यादा ५० लाख रुपये असून रोख जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ती ७५ लाख होते. वाद आहे तो या पेशांच्या यादीतील ‘तांत्रिक सल्ला’ या पदाच्या व्याप्तीबद्दल. ओतकामातील दोष सांगणारा त्यात निःसंशय बसतो. निर्यातीची कागदपत्रे समजावून देणारा, मनुष्यबळाविषयी सल्ला देणारा किंवा मुलांना महाविद्यालय निवडून देणारा बसतो की नाही, याबद्दल एकमत नाही. अशांनी आपले काम व्यापार समजून ४४एडीखाली ६ किंवा ८ टक्के उत्पन्न दाखवावे, हा युक्तिवाद आकर्षक असला तरी निर्धारणाच्या वेळी तो टिकेलच असे नाही, आणि बेताची कमाई असणाऱ्याने तो धोका न पत्करलेला बरा.

सीमाभागाचे वेगळेपण सर्वाधिक जाणवते ते वस्तू व सेवा करात. बेळगावच्या सल्लागाराचा एक ग्राहक उद्यमबागेत, दुसरा महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, तिसरा कोल्हापुरात किंवा गोव्यात असतो. शिनोळीला जायला दुचाकीवर अर्धा तास पुरतो, पण करकायद्याच्या दृष्टीने तो आंतरराज्य पुरवठा होतो. १ जुलै २०१७ रोजी कर लागू झाला तेव्हा आंतरराज्य पुरवठा करणाऱ्यास उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी अनिवार्य होती. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवांपुरती २० लाख रुपयांपर्यंत सूट दिली आणि हा प्रश्न बहुतांश मिटला. वस्तूंना ही सवलत नसल्यामुळे सल्ल्याबरोबर एखादे मोजमापाचे साधन सीमेपलीकडे विकणारा मात्र अडचणीत येतो. २० लाखांच्या हिशेबात मूळ नोकरीचा पगार धरत नाहीत, पण घरभाड्याचे उत्पन्न धरतात. पुढे नोंदणी झालीच तर राज्यांतर्गत बिलावर ९ अधिक ९ टक्के (केंद्राचा व राज्याचा) आणि शिनोळीच्या नोंदणीकृत कारखान्याच्या बिलावर १८ टक्के एकात्मिक कर लागतो. सेवांसाठीची ६ टक्क्यांची आपसमेळ (कंपोझिशन) योजना आंतरराज्य पुरवठा करणाऱ्यास बंद आहे, त्यामुळे सीमेवरील सल्लागाराला तिचा सहसा उपयोग होत नाही.

पाटीचा प्रश्नही येथे गौण नाही. २०२४ मधील दुरुस्तीनुसार कर्नाटकात व्यावसायिक फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असणे आवश्यक आहे. दारावरील नाव व पदवीची साधी पाटी आणि व्यवसायाचा फलक यांत फरक करणे शक्य असले, तरी नावाखाली ‘कन्सल्टन्सी’ हा शब्द येताच पाटीचे स्वरूप बदलते. त्यामुळे पुष्कळ जण नुसत्या नावावर भागवतात, किंवा पाटी दोन्ही भाषांत करून घेतात.

येणे वसूल करणे हा या व्यवसायातील सर्वांत कंटाळवाणा भाग. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या अधिनियमानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ग्राहक ओळखीचा, बहुधा नात्यातला किंवा गल्लीतला असल्यामुळे हे व्याज मागण्याचे धाडस फारसे होत नाही. मात्र मुदत उलटलेली रक्कम ग्राहकाने प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला ती आपल्या प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही, ही तरतूद निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाल्यावर मार्चअखेरीस थकलेली बिले पूर्वीपेक्षा लवकर सुटू लागणे स्वाभाविक आहे. बिल देताना त्यावर उद्यम क्रमांक छापलेला असावा, कारण ग्राहकाचा लेखापाल प्रथम तोच पाहतो.